विश्लेषण : पाच लाखांचे कवच असताना बीडमध्ये दवाखान्यासाठी ‘उचल’ का घ्यावी लागते?

राज्यातील प्रत्येक शिधापत्रिकाधारक कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनारोख मिळतील, अशी व्यवस्था 1 जुलै 2024 पासून लागू आहे. शिधापत्रिका पिवळी असो, केशरी असो की पांढरी, भेद उरलेला नाही. त्यामुळे कागदावर बीड जिल्ह्यातील जवळपास कोणतेही कुटुंब या कवचाबाहेर नाही. तरीही ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबाने मुकादमाकडून उचल कशासाठी घेतली, हे विचारले की लग्न आणि घर यांच्या जोडीला तिसरे कारण हमखास निघते. ते म्हणजे दवाखाना. कवच एवढे मोठे, मग कर्ज कशाचे? याचे उत्तर योजनेच्या रचनेत आहे. ही योजना रुग्ण खाटेवर पोहोचल्यानंतर सुरू होते. बीडच्या महिलांचा खर्च त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो.

योजना नेमकी काय आहे आणि ती कशी वाढत गेली?

गरीब कुटुंबांच्या मोठ्या शस्त्रक्रियांसाठी राज्याने 1997 मध्ये जीवनदायी योजना आणली. हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा मोजक्या आजारांपुरती ती होती. तिचा विस्तार होऊन 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत बीड नव्हते. 21 नोव्हेंबर 2013 पासून ती राज्यभर लागू झाली आणि तेव्हा बीडचा समावेश झाला. कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपये आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाख रुपये, अशी मर्यादा होती.

2017 मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. सप्टेंबर 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली आणि 1 एप्रिल 2020 पासून दोन्ही एकत्र राबवण्यास सुरुवात झाली. मात्र कवच सर्वांना सारखे नव्हते. 2011 च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेच्या यादीत नाव असलेल्या राज्यातील सुमारे 84 लाख कुटुंबांना पाच लाखांचे, तर उरलेल्यांना दीड लाखाचे संरक्षण मिळत होते. एकाच गल्लीतील, सारख्याच परिस्थितीतील दोन घरांना वेगवेगळे कवच का, याचे उत्तर कोणत्याही आरोग्यमित्राला देता येत नसे.

28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने हा फरक संपवला. संरक्षण सरसकट पाच लाख झाले, मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा साडेचार लाखांवर गेली आणि उपचारांची यादी 1356 झाली. 2025 मध्ये ही यादी 2399 पर्यंत वाढवण्याचा निर्णय झाला. 70 वर्षांवरील ज्येष्ठांसाठी केंद्राने ऑक्टोबर 2024 मध्ये उत्पन्नाची अट न ठेवता पाच लाखांचे वेगळे कवच दिले आहे.

बीडपुरती एक बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून निश्चित केलेल्या 14 जिल्ह्यांत बीड असल्याने येथील पांढऱ्या शिधापत्रिकेवरील शेतकऱ्यांना 2024 च्या बऱ्याच आधी योजनेत घेतले गेले होते. म्हणजे सर्वांना कवच देण्याच्या बाबतीत हा जिल्हा राज्याच्या पुढेच होता. लाभार्थ्यांच्या यादीत नाव नसणे, ही इथली मुख्य अडचण नाही.

यासाठी पैसा किती लागतो आणि तो कोण देतो?

सुरुवातीला सरकार दर कुटुंबामागे वर्षाला 333 रुपये आणि त्यावरील कर एवढा हप्ता नॅशनल इन्शुरन्स कंपनीला देत होते. 2020 मध्ये युनायटेड इंडिया इन्शुरन्सबरोबर करार झाला तेव्हा हा हप्ता 797 रुपये होता. त्यात दीड लाखापर्यंतचा खर्च विमा कंपनीचा आणि त्यावरील, पाच लाखांपर्यंतचा, राज्य आरोग्य हमी सोसायटीचा, अशी विभागणी होती. केंद्राच्या यादीतील कुटुंबांसाठी 60 टक्के वाटा केंद्राचा आणि 40 टक्के राज्याचा असतो. उरलेल्या कुटुंबांचा भार राज्याच्या तिजोरीवर पडतो.

797 रुपये ही रक्कम लहान वाटते. ती सुमारे 2 कोटी 22 लाख कुटुंबांनी गुणली की वर्षाला 1770 कोटींच्या आसपास जाते. एवढा पैसा खर्चूनही खिशातून जाणारा पैसा का थांबत नाही, हे समजून घेण्यासाठी दुसऱ्या बाजूचा हिशेब पाहावा लागतो.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75 व्या फेरीनुसार (2017-18) देशाच्या ग्रामीण भागात एकदा रुग्णालयात दाखल झाल्यास सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात 4290 रुपये, तर खासगीत 27,347 रुपये येत होता. बाळंतपणाचा खर्च यात धरलेला नाही. आता हा आकडा उसाच्या हिशेबात मांडून पाहू. जानेवारी 2024 मध्ये लवादाने तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ केली आणि मूळ दर टनाला 366 रुपये झाला. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तोडते. खासगी रुग्णालयातील त्या सरासरी बिलासाठी सुमारे 75 टन ऊस तोडावा लागतो. एक कोयता 37 दिवस राबला, एकही खाडा पडला नाही आणि खाण्यावर एक रुपयाही खर्च झाला नाही, तरच ते बिल फिटते. यात दर 2024 चा आणि खर्च 2017-18 चा आहे. मधल्या वर्षांत औषधे आणि तपासण्या स्वस्त झालेल्या नाहीत, तेव्हा प्रत्यक्षात दिवस अधिकच लागतात.

बीडमध्ये गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न कसा पुढे आला?

2019 च्या उन्हाळ्यात बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या देशभर गाजल्या. हाजीपूर, वंजारवाडी ही गावांची नावे तेव्हा वाचकांना पहिल्यांदा कळली. ‘बिनगर्भाशयाच्या बायकांची गावे’ असे वर्णन झाले. ते अनेक महिलांना अपमानास्पद वाटले आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. जून 2019 मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात आकडा दिला. जिल्ह्यातील 99 खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या 4605 शस्त्रक्रिया झाल्या होत्या. या सर्वच महिला ऊसतोड मजूर नव्हत्या.

विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या कामाचा भाग म्हणून जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातील 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हे प्रमाण सुमारे 17 टक्के, म्हणजे साधारण सहा महिलांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 15 ते 49 वयोगटातील महिलांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या थोडे वर आहे. दोन्ही पाहण्यांचे वयोगट आणि पद्धत वेगळी असल्याने आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. पण तफावत एवढी मोठी आहे की केवळ पद्धतीतील फरकाने तिचा उलगडा होत नाही.

2025 मध्ये आरोग्य विभागाच्या तपासणीचे आकडे समोर आले तेव्हा ऊसतोडीला जाणाऱ्या महिलांपैकी 843 जणींचे गर्भाशय काढलेले असल्याची नोंद होती. त्यातील 477 जणी 30 ते 35 वयोगटातील होत्या. 2019 ची पाहणी आणि ही तपासणी यांची व्याप्ती एक नसल्याने ‘प्रमाण घटले’ असे म्हणणे घाईचे ठरेल. वयाचा आकडा मात्र बोलका आहे. तिशीतल्या बाईचे गर्भाशय काढण्याची वेळ वैद्यकीयदृष्ट्या क्वचित यावी लागते.

आजार ओपीडीत, कवच मात्र खाटेवर

योजनेची खरी फट इथे आहे. पाच लाखांची हमी ही रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या, यादीतील ठरावीक उपचारांसाठी आहे. मंजूर पॅकेजमध्ये खाट, शस्त्रक्रिया, औषधे, जेवण, घरी जाण्याचा प्रवासखर्च आणि घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतचा पाठपुरावा येतो. पण अंगावर पांढरे जाते म्हणून डॉक्टरांना दाखवले, सोनोग्राफी केली, आठ दिवसांच्या गोळ्या घेतल्या, पुन्हा त्रास झाला म्हणून दुसरा दवाखाना गाठला, यातला एकही रुपया योजना देत नाही. ओपीडी या योजनेत नाहीच.

ऊसतोड महिलेचा आजार मात्र जवळजवळ पूर्णपणे ओपीडीतला आहे. पहाटे अंधारात फडात उतरायचे, दिवसभर वाकून तोडायचे, 30-40 किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायचे. कोपीत न्हाणीघर नाही, संडास नाही, पाणी विकत किंवा लांबून. पाळीच्या दिवसांत कापड बदलायला आडोसा मिळत नाही. कमी वयात लग्न, लागोपाठ बाळंतपणे आणि बाळंतपणानंतर लगेच काम. यातून जंतुसंसर्ग, ओटीपोटातले दुखणे, अनियमित रक्तस्राव, अंग बाहेर येणे असे त्रास होतात. वेळीच तपासले तर यातील बहुतेक त्रासांवर काहीशे रुपयांच्या औषधांत उपचार होतात.

ते होत नाहीत, कारण फडावर एक दिवस मोडला की खाडा लागतो. 2019 मध्ये महिलांनी पत्रकारांना आणि समितीला सांगितलेली खाड्याची रक्कम दिवसाला 500 रुपयांच्या आसपास होती. म्हणजे मोफत दवाखान्यात जाण्याचीही किंमत 500 रुपये अधिक बुडालेली मजुरी. मग दुखणे अंगावर काढले जाते आणि हंगाम संपल्यावर गावाकडच्या, ओळखीच्या खासगी दवाखान्यात नेले जाते. तेथे ‘पिशवी खराब झाली आहे, पुढे कॅन्सर होईल’ असे सांगितले गेल्याचे अनेक महिलांनी नोंदवले आहे. दर महिन्याची कटकट, खाडा आणि पुन्हा पुन्हा लागणारी फी यांच्या तुलनेत एकदाच काय ते काढून टाकलेले बरे, असा हिशेब घरात मांडला जातो. हा हिशेब अडाणीपणातून येत नाही. ज्या व्यवस्थेत औषधाचा खर्च रोखीने द्यावा लागतो आणि शस्त्रक्रियेसाठी मुकादम उचल देतो, तिथे तो अगदी व्यवहारी आहे.

त्याची किंमत नंतर कळते. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली गेली तर तिशीतच पाळी गेल्यानंतरची अवस्था येते. हाडे ठिसूळ होतात, सांधे दुखतात, अंगातून वाफा निघतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. या शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे जड उचलू नये, असे सांगतात. उचल फेडायची असताना मोळी न उचलण्याची चैन परवडत नाही. आणि या सर्व दीर्घकालीन तक्रारींचे उपचारही पुन्हा ओपीडीतलेच, म्हणजे योजनेबाहेरचे.

पण सरकारी दवाखान्यात तर सगळे मोफत आहे ना?

बऱ्याच अंशी आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्या आणि शस्त्रक्रियेपर्यंत शुल्क घेतले जात नाही. म्हणजे बीडचे जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे येथे उपचार मोफत आहेत. येथे एक गोंधळ नेहमी होतो. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय हे सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अखत्यारीत नसून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे. त्यामुळे 2023 चा मोफत उपचारांचा निर्णय तेथे आपोआप लागू झाला नाही. तेथे ओपीडीचे शुल्क नाममात्र असते आणि दाखल रुग्णाला जन आरोग्य योजनेत बसवले जाते. रुग्णाला विभागांची ही वाटणी माहीत असण्याचे कारण नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही ‘सरकारी’च.

1 मे 2023 पासून राज्यात तालुकास्तरावर सुरू झालेले ‘आपला दवाखाना’ हे याच फटीवरचे उत्तर म्हणता येईल. ते दुपारी दोन ते रात्री दहा चालतात, हे मजुरी करणाऱ्यांसाठी सोयीचे. अडचण अशी की ते तालुक्याच्या गावी आहेत आणि ऊसतोड कुटुंब वर्षातील पाच-सहा महिने आपल्या तालुक्यातच नसते.

शिवाय मोफत म्हणजे उपलब्ध असे नव्हे. ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात, सोनोग्राफी यंत्र चालू आहे का, औषध आत मिळेल की बाहेरून आणायची चिठ्ठी, या तीन प्रश्नांवर रुग्ण सरकारीत जाणार की खासगीत हे ठरते. आष्टी-पाटोद्याकडच्या डोंगरपट्ट्यातून बीडला दोन-तीन खेपा मारायच्या तर प्रवास आणि बुडालेली मजुरी यांतच खासगी दवाखान्याची फी निघून जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक खासगी रुग्णालयांत होतात. बीड याबाबतीत जगावेगळे नाही.

मग ही शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांतही सरसकट योजनेतून द्यावी का?

वरवर पाहता हा सोपा उपाय वाटतो. पण इतर राज्यांचा अनुभव सावध करणारा आहे. 2007 मध्ये आंध्र प्रदेशात आरोग्यश्री योजना आली तेव्हा खासगी रुग्णालयांत गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया भराभर वाढल्या आणि शेवटी सरकारला खासगी रुग्णालयांवर निर्बंध आणावे लागले. 2008 च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत कुटुंबाला अवघे 30 हजारांचे संरक्षण होते. तेवढ्यासाठीही बिहार आणि छत्तीसगडमध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया झाल्याचे 2012 मध्ये उघड झाले. रुग्णाच्या खिशातून पैसे जात नाहीत म्हटल्यावर तो विचारत नाही आणि रुग्णालयाला प्रत्येक शस्त्रक्रियेमागे ठरलेली रक्कम मिळते. तपासून, औषध देऊन, महिनाभराने पुन्हा बोलावणाऱ्या डॉक्टरला मात्र विमा काहीच देत नाही.

म्हणूनच महाराष्ट्राच्या योजनेत पहिल्यापासून काही शस्त्रक्रिया केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखीव ठेवलेल्या आहेत आणि उरलेल्यांना पूर्वमंजुरी लागते. हे धोरण चुकीचे नाही. त्याचा एक परिणाम असा की सरकारी रुग्णालयाची पायरी न चढणारी महिला रोख पैसे घेणाऱ्या दवाखान्याकडे वळते. तिथे ना योजनेची पूर्वमंजुरी, ना योजनेची नोंद.

2019 नंतर नियम कडक झाले, त्यांचे काय?

बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले. हंगामाला जाण्यापूर्वी आणि परतल्यावर मजुरांची आरोग्य तपासणी सुरू झाली. देशपातळीवर राजस्थानातील डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये निकाल दिला. केंद्राने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असे त्यात सांगितले. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर देखरेख समित्या आणि चाळिशीच्या आतील शस्त्रक्रियांवर विशेष लक्ष, हा त्याचा गाभा.

परवानगीच्या अटीने मनमानीला आळा बसतो, पण दुखणे तसेच राहते. परवानगी नाकारलेल्या महिलेला त्याच दिवशी पर्यायी उपचार मिळाले पाहिजेत, अशी सोय अटीसोबत आली नाही. शिवाय बीडमध्ये परवानगी लागते म्हणून शेजारच्या जिल्ह्यात जाणे फारसे अवघड नाही. आष्टीहून नगर जवळ आणि परळीहून लातूर. जिल्ह्याचे आकडे घटले तर त्यातील किती घट खरी, हे शेजारच्या जिल्ह्यांची नोंद पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

ऊसतोडीला परजिल्ह्यात गेल्यावर कार्ड चालते का?

राज्यात कुठेही चालते. योजनेत रुग्णाचा जिल्हा पाहिला जात नाही. बीडचे कुटुंब कोल्हापूर, सांगली किंवा सोलापूरच्या कोणत्याही अंगीकृत रुग्णालयात दाखल होऊ शकते. अडचण कर्नाटकात येते. सीमेपलीकडच्या कारखान्यांवर गेलेल्यांपैकी ज्यांची नावे केंद्राच्या योजनेत आहेत त्यांना देशभरातील अंगीकृत रुग्णालयांत उपचार मिळतात. केवळ राज्याच्या योजनेतील कुटुंबांना मात्र तेथे ही सुविधा गृहीत धरता येत नाही. निघण्यापूर्वी आपले आयुष्मान कार्ड निघाले आहे का, हे गावातील आशा कार्यकर्ती किंवा आपले सरकार सेवा केंद्राकडे पाहून घेणे त्यामुळे महत्त्वाचे ठरते.

दुसरी नेहमीची अडचण शिधापत्रिकेची. नवी सून आणि लहान मुले यांची नावे चढवलेली नसतात आणि शिधापत्रिका बहुधा गावी, म्हाताऱ्यांकडे राहिलेली असते. मोबाइलमध्ये शिधापत्रिकेचा आणि आधारचा स्पष्ट फोटो ठेवला तर निदान नोंदणीचे काम सुरू होते. तातडीच्या रुग्णासाठी दूरध्वनीवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची तरतूद आहे. ‘आधी कागद, मग रुग्ण’ असे सांगणारे रुग्णालय नियमाला धरून वागत नसते.

रुग्णालयाने तरीही पैसे मागितले तर?

अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. दाखल होण्यापूर्वी, अनामत भरण्यापूर्वी तेथे नोंद करणे सर्वात महत्त्वाचे. एकदा रोखीने बिल भरून घरी आल्यावर योजनेतून पैसे परत मिळत नाहीत. ही योजना विनारोख आहे, प्रतिपूर्तीची नाही. मंजुरी मिळाल्यानंतर पॅकेजमधील उपचारांसाठी वेगळे पैसे मागितले तर 155388 किंवा 18002332200 या निःशुल्क क्रमांकांवर तक्रार करता येते. केंद्राच्या योजनेसाठी 14555 हा क्रमांक आहे. पैसे दिले असतील तर पक्की पावती मागावी. पावती नसलेल्या तक्रारीत रुग्णाच्या बाजूने फारसे काही हाती लागत नाही.

रुग्णालयांचीही बाजू आहे. पॅकेजचे दर कमी आहेत आणि देयके महिनोन्‌महिने अडकतात, ही त्यांची जुनी तक्रार. लहान गावातील वीस खाटांच्या रुग्णालयाला थकबाकी झेपत नाही. त्यातून काही रुग्णालये बाहेर पडतात, काही ‘यादीत तुमचा आजार बसत नाही’ असे सांगून रुग्णाला रोखीकडे वळवतात.

उपचार योजनेत बसत नसेल तर आणखी दोन वाटा आहेत. धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणे बंधनकारक आहे. त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार रुपये आहे. दुसरी वाट मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधीची. दोन्हींसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो हंगामाला निघण्यापूर्वीच काढून ठेवलेला बरा, कारण फडावरून परत येऊन दाखला काढणे म्हणजे पुन्हा खाडा.

आता पुढे काय?

उपचारांची यादी 1356 वरून 2399 झाली, हे महत्त्वाचेच. त्यामुळे महागड्या आजारांच्या रुग्णांना दिलासा मिळेल. पण यादी कितीही लांबली तरी ती दाखल रुग्णांचीच आहे. ओपीडी, तपासण्या आणि औषधे यांचा खर्च कोण देणार, हा प्रश्न तिच्यात येत नाही. ऊसतोड मजुरांसाठी एक वेगळे साधन मात्र राज्याकडे आधीच आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, अशी व्यवस्था ठरलेली आहे. फडावर येणारा फिरता दवाखाना, तळावर शौचालय आणि न्हाणीघर, आजारपणाच्या दिवसाचा खाडा माफ करण्याची करारातील अट, या तिन्ही गोष्टी पाच लाखांच्या विम्यातून होऊ शकत नाहीत. त्या महामंडळाच्या निधीतून आणि कारखान्यांवर घातलेल्या अटीतून होऊ शकतात. दिवाळीनंतर गाड्या निघतील तेव्हा कोणत्या कारखान्याच्या तळावर यातील काय आहे, याची तपासणी कोणी करायची, हे अजून कोणत्याही एका खात्याच्या गळ्यात पडलेले नाही. आरोग्य, कामगार, सहकार आणि सामाजिक न्याय असे चार विभाग आपापला तुकडा सांभाळतात.